मामूंचा हातोडा आणि माथेरानचे इंजिन

नेरळ स्थानकात ७३८ क्रमांकाचे वाफेचे इंजिन मांडून ठेवले आहे. पर्यटक त्याच्यापुढे फोटो काढतात. मामू मात्र बॉयलरवर बोटाने टकटक करीत आणि म्हणत, "रंग छान आहे, पण आत जीव नाही." ते रेल्वेत बॉयलर फिटर होते. निवृत्तीनंतरही जुनी इंजिने पुन्हा चालती करायला त्यांना बोलावणे येई.

नेरळ-माथेरान ही २१ किलोमीटरची, दोन फुटी रुळांची लाइन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. पैसा वडिलांचा, सर आदमजींचा. खर्च सुमारे १६ लाख रुपये. १९०७ साली गाडी सुरू झाली. आपण इतिहास म्हटला की किल्ले आणि नवाब मोजतो. डोंगरावर रूळ नेणारा हा बोहरा त्यात कुठे येतो?

जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्याने चार इंजिने दिली. अवघड वळणांसाठी त्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांना पोकळ आस होता. आतला आस सरळ राही आणि बाहेरचा चाकांसकट वळणाबरोबर सरके. खरा धोका चढणीचा, वीस फुटांना एक फूट. चढ-उतारावर बॉयलरमधले पाणी एका बाजूला सरकते. भट्टीचे छत उघडे पडले तर ते तापून बसते आणि स्फोट होतो. म्हणून फायरमनची नजर कोळशापेक्षा पाण्याच्या काचेवर जास्त.

मामूंचे काम त्याआधीचे. भट्टीभोवतीच्या प्रत्येक स्टे-बोल्टवर छोटा हातोडा मारायचा. शाबूत बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. शेकडो बोल्ट, आणि प्रत्येकाला कान द्यायचा! मग थंड पाण्याच्या दाबाची चाचणी, कारण पाण्याचा दाब सुटला तर वाफेसारखा घात होत नाही. आणि पहिली आग अगदी हळू. घाईने पेटवली तर पत्रे कमी-जास्त फुगतात आणि नळ्या गळतात.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माथेरानची वाफ बंद झाली. चारांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडला गेले. आपल्याकडे १८५५ची फेअरी क्वीन १९९७ साली पुन्हा रुळांवर धावली, तेव्हा मामूंनी ती बातमी कापून ठेवली होती.

त्यांच्या हाताखाली कुणी पोरगा तयार झाला नाही. मलाही त्यांनी दोनदा हातोडा देऊन विचारले होते, "सांग, कुठला फुटलाय?" मला दोन्ही सारखेच वाटले. मी हसलो. ते हसले नाहीत.

मामू गेल्या रमजानात गेले. हातोडा माझ्या टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून.