नगरचा गारवा आणि त्याची डागडुजी

अहिल्यानगर जिल्ह्यात घरगुती एसीच्या दुरुस्तीचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो. पश्चिमेकडचा अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर जिल्हा पर्जन्यछायेतला. हवा कोरडी, आणि नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री पारा बराच उतरतो. मार्चच्या मध्याला एसी सुरू होतो आणि पाऊस लागला की बंद होतो. उरलेले नऊ महिने यंत्र धूळ खात भिंतीवर असते. मग एप्रिलच्या एखाद्या आठवड्यात गावातल्या सगळ्यांना एकाच वेळी मेकॅनिक हवा असतो. दुरुस्तीच्या बिलाची सुरुवात इथूनच होते. यंत्रातला बिघाड नंतर येतो.

गारव्यापेक्षा गारव्याच्या देखभालीला जास्त पैसा लागतो, हे या शहराला जुनेच आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने शहर वसवले, आणि पुढच्या शंभर वर्षांत कापूरवाडी, वडगाव अशा आसपासच्या गावांतून भूमिगत खापरी नळांनी पाणी आणले गेले. 1583 साली पुरा झालेला फराहबाग महाल याच पाण्यावर गार राहत असे. अष्टकोनी इमारत, भोवती चौफेर तळे, जाड भिंती, उंच कमानी. कोरडा वारा पाण्यावरून येताना पाण्याची वाफ करतो आणि स्वतः थंड होतो. कूलरचे तत्त्व याहून वेगळे नाही. मात्र खापरी नळ जमिनीखाली खचतात, झाडांची मुळे सांध्यांत शिरतात, गाळ बसतो. राज्य गेले, नळांची डागडुजी करणारा धनी गेला, आणि महालाभोवतीचे तळे आटले. महाल मात्र उभाच राहिला. बंद पडलेल्या एसीचेही असेच असते: पेटी शाबूत, आतला प्रवाह गेलेला.

1803 साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला छावणी वसली. बंगल्यांच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आल्या, छताला ओढायचे पंखे आले. यात दुरुस्ती अशी नव्हतीच. खर्च होता तो माणसाचा: ताटीवर पाणी मारणाऱ्याचा आणि दोरी ओढणाऱ्याचा.

सामान्य घरात गारवा पोहोचवला तो पत्र्याच्या कूलरने. जिल्ह्याच्या हवेला तो फार मानवला, कारण हवा जितकी कोरडी असेल तितका तो चांगला चालतो. जूनमध्ये हवेत ओल आली की नुसता दमट वारा फेकतो. त्याच्या दुरुस्तीचे गणित सोपे होते. दरवर्षी गवत बदलायचे, गंजलेल्या तळाला पत्रा मारायचा, छोटा पंप बदलायचा. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यामुळे जाळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि पंप अडकतो. पंख्याची मोटर जळाली तर ती ‘भरून’ आणायची.

हा ‘भरणे’ शब्द महत्त्वाचा आहे. विहिरीवरची मोटर जळाली की तांब्याची तार नव्याने गुंडाळणे म्हणजे मोटर भरणे. ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या तालुक्यांत मोटर भरून देणारी दुकाने बाजारपेठेत असतातच, कारण पाण्याच्या पाळीच्या दिवशी मोटर बंद पडणे शेतकऱ्याला परवडत नाही. नगरच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत विजेच्या मोटरी बनवणारा क्रॉम्प्टनचा कारखाना आला आणि ही कारागिरी आणखी मुरली. पुढे फ्रीज आणि एसी हाती घेणाऱ्या कारागिरांची एक शाखा याच दुकानांतून निघाली. ते एसीतला गॅसही ‘भरतात’.

दुसरी शाखा दुधाची. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी हा पट्टा दुधाचा. दूध नासू नये म्हणून शीतकरण केंद्रे, पुढे गावोगाव दूध गार करणाऱ्या टाक्या आल्या. मोठ्या केंद्रांत आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनियाची यंत्रणा असते. घरच्या एसीची क्षमता आजही ‘टना’त मोजतात ती बर्फामुळेच: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ताशी सुमारे 12,000 बीटीयू, तेवढी खेचणारे यंत्र एक टनाचे. दीड टनाचा एसी म्हणजे दीड टन वजनाचा, असा गमतीदार समज अजून कुठे कुठे भेटतो. आयटीआयमधला रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही तिसरी वाट. पण तिथून निघालेल्यांपैकी पुष्कळांना पुण्याची वाट जवळची वाटते.

एसी स्वतः मात्र बराच काळ चैनीची वस्तू म्हणून भारी करांखाली दबला होता. बँक, डॉक्टरचा खास कक्ष, एखादे मोठे हॉटेल एवढ्यापुरता तो खिडकीत बसे. अशा विंडो एसीत सगळी नळी कारखान्यातच जोडलेली असे, त्यामुळे गळती कमी. त्यातला आर-22 हा गॅस भरायला दाब दाखवणारे एक घड्याळ आणि अनुभवी कान पुरत. कॉम्प्रेसर जळाला तर त्याचे वेल्ड केलेले कवच कापून आतली वायंडिंग भरून परत बंद करणारे कारागीर होते. नवा घेण्यापेक्षा हे बरेच स्वस्त पडे. 2000 नंतरच्या दशकात लांबलचक भारनियमनाने त्यांना भरपूर काम दिले. वीज येताक्षणी कमी विद्युतदाबाखाली सुरू होऊ पाहणारा कॉम्प्रेसर तापतो. जळतो तो कपॅसिटर किंवा वायंडिंग. स्टॅबिलायझर घराघरांत आला तो याच काळात.

स्प्लिट एसीने खर्चाचे ठिकाणच बदलले. आता यंत्र दोन तुकड्यांत येते आणि त्यांना जोडणारी तांब्याची नळी घरी बसवली जाते. म्हणजे अर्धे यंत्र ग्राहकाच्या भिंतीवर तयार होते. टोके नीट पसरवली नाहीत, नट कमी-जास्त आवळला, की वर्षभरात गॅस जातो. एसीत गॅस ‘संपत’ नाही, तो गळतो. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे हा सर्वांत महाग स्वस्तपणा. आजच्या दरांत साधी धुलाई साधारण 500 ते 800 रुपयांत होते, पूर्ण गॅस भरायला 2,500 ते 4,000 लागतात, आणि कॉम्प्रेसर बदलायचा तर बिल सहज 10,000 च्या पुढे जाते. एकोणिसाव्या शतकात नगर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाई. तांबटाच्या डागाला जे कसब लागे तेच आज नळीच्या सांध्याला लागते, फक्त पाण्याऐवजी दाबाखालचा वायू अडवायचा असतो.

त्यातच गॅस बदलले. ओझोनच्या थरासाठी 1987 साली माँट्रियल करार झाला आणि त्याच्या वेळापत्रकानुसार आर-22 मागे पडत गेला. त्याच्या जागी आधी आर-410ए आणि मग आर-32 आला. या दोन्हींचा दाब आर-22 च्या दीडपटीहून अधिक, आणि आर-32 सौम्य ज्वलनशील. तो अंदाजाने भरता येत नाही. व्हॅक्यूम पंपाने नळी कोरडी करावी लागते, गॅस वजनकाट्यावर मोजून सोडावा लागतो. या गॅसबरोबरच्या नव्या कॉम्प्रेसर-तेलाला ओलाव्याची फार ओढ असते, त्यामुळे व्हॅक्यूम टाळला तर आत आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसर खराब होतो. पंप, काटा आणि नायट्रोजनची टाकी बाळगणारा मेकॅनिक जास्त पैसे घेतो ते या हत्यारांचे.

इन्व्हर्टर एसी आला आणि बिघाड तांब्याकडून इलेक्ट्रॉनिक पाटीकडे, म्हणजे पीसीबीकडे सरकला. विजेच्या चढउताराने, पावसाळ्यात शिरलेल्या पालीने किंवा मुंग्यांनी पीसीबी जाते. ती बदलायला अनेक हजार लागतात. सोल्डर मारून जुनीच चालती करणारे मोजके. कंपनीची दहा वर्षांची हमी बहुधा कॉम्प्रेसरपुरती असते. गॅस, वाहतूक आणि मजुरी निराळी. त्यावर सेवेचा 18 टक्के जीएसटी.

अंतराचाही हिशेब आहे. 17,048 चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अधिकृत सेवेचे जाळे नगर शहरात दाट. जामखेड किंवा पाथर्डीच्या एखाद्या गावात मेकॅनिक दोनदा आला, एकदा पाहायला आणि एकदा सुटा भाग घेऊन, की फेरीचेच पैसे कामाइतके होतात. शिर्डीत हॉटेलांची गर्दी असल्याने राहाता-कोपरगाव भागात हात जास्त आहेत, पण उन्हाळी सुट्टीत ते हॉटेलांत अडकलेले असतात. हिवाळ्यात हेच लोक दुधाच्या टाक्या, फ्रीज आणि विहिरीच्या मोटरी पाहतात. तेव्हा बोलावले तर धुलाईही सवडीने आणि थोड्या कमी पैशांत होते.

आठ-दहा वर्षे जुना, आर-22 वर चालणारा एसी कॉम्प्रेसरशी आला की दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जाते. मग तो भंगारात निघतो. भंगारवाला पत्रा आणि प्लॅस्टिक बाजूला टाकतो आणि भाव करतो तो तांब्याच्या वजनावर.