मालवण प्रांतातील सरकारी दप्तर : एक टिपण

मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेकरिता आम्हांस काही ऐतिहासिक लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्यावर लिहावे असाच त्यांचा भाव असावा. परंतु 1664 साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, त्या दुर्गाविषयी ज्ञातिबांधवांनी पुष्कळ वाचलेले आहे. आपणां प्रत्येकाच्या आजोबापणजोबांची नावे ज्या दप्तरात बांधून ठेवली आहेत, त्या दप्तराची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही तीच निवडली आहे.

कचेरीच्या पायरीवर कानी पडणारे शब्दच पाहावेत : अर्ज, नक्कल, वारस, दाखला, तहसील, जमाबंदी. हे सारे फारसी-अरबी वळणाचे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन यांना संस्कृत प्रतिशब्द दिले खरे. तथापि कारकुनांच्या लेखणीने जुने शब्द काही सोडले नाहीत. पुढे इंग्रज आले, त्यांनीही हेच शब्द उचलले.

मालवण बंदर व सिंधुदुर्ग किल्ला कोल्हापूरकरांनी 1812 च्या तहान्वये इंग्रजांस दिला. 1818 साली पेशवाई संपली आणि दक्षिण कोकणाचा निराळा जिल्हा झाला. त्याचे ठाणे प्रथम बाणकोटास होते, नंतर ते रत्नागिरीस आले. 1830 साली खर्च वाचविण्याच्या विचाराने या जिल्ह्याचा दर्जा उतरविला गेला आणि दोनच वर्षांत, 1832 साली, तो पूर्ववत करावा लागला! सरकारी काटकसरीची ही जुनी तऱ्हा वाचून आम्हांस हसू आले.

एल्फिन्स्टन साहेबाचे धोरण जुनी घडी शक्य तो न मोडण्याचे होते. वर कलेक्टर गोरा, त्याखाली मामलेदार आपला, आणि गावात कुलकर्णी वतनदार. रत्नागिरी जिल्ह्यात त्यात खोताची भर. वतनदार माणूस गावातला, घरोघरची सोयरीक जाणणारा. त्यास खोटे सांगून निभत नसे. पण तोच कोणाच्या बाजूचा असला, तर दाद कोणाकडे मागावी? त्याचे कागद मोडीत, आणि ते वाचणारे गावात दोघेतिघे. आमच्या मते पगारी आणि बदली होणारा नोकर नेमण्याचे खरे कारण येथे आहे. 1950 साली कुलकर्णी वतने कायद्याने संपली, खोतीही त्याच सुमारास गेली, आणि गावाचे दप्तर तलाठ्याच्या हाती आले. तलाठी परका असल्यामुळे कोणाचा मिंधा नाही. मात्र गाव कळू लागेतो त्याची बदली होते.

एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. प्रारंभी सरकारी वहीत मुख्यतः सारा कोण भरतो एवढे पाहिले जाई. जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे, याची नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 साली झाला. आजचा सातबारा, म्हणजे गाव नमुना 7 आणि 12, हा त्याच वंशावळीतला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने असे ठरविले आहे की, उलट सिद्ध होईपर्यंत ही नोंद खरी मानावी. या एका वाक्याचे बळ किती! सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, गेळे या गावांच्या उताऱ्यांवर ‘कबुलायतदार गावकर’ अशी नोंद होती. 1999 साली तेथे ‘महाराष्ट्र शासन’ आले, आणि दोन शब्दांपायी ग्रामस्थांना कित्येक वर्षे झगडावे लागले.

1981 सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, श्री. अंतुले मुख्यमंत्री असताना, सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. तोवर कलेक्टर कचेरीतील कामासाठी मालवणच्या माणसास रत्नागिरी गाठावी लागे. एका सहीसाठी मुक्काम पडे, आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसरा. आता ओरोसास जाऊन संध्याकाळी घरी येता येते.

आता आमच्या घरची हकीकत. आमचे आजोबा 1963 साली वारले. वारस नोंद कोणी केलीच नाही. वडील आणि काका मुंबईस गिरणीत, आम्ही शाळेत. मयताच्या नावाने सारा भरला जात राहिला आणि पावतीही त्यांच्याच नावाने येत राहिली. सेवानिवृत्तीनंतर आम्ही अर्ज केला, तोपर्यंत एकाच्या जागी सतरा वारस झाले होते. एका कागदावर आजोबांचे पाळण्यातले नाव, दुसऱ्यावर घरगुती. अर्ज तीन वेळा परत आला, आणि तिन्ही वेळा निराळ्या कारणाने. हीच कारणे पहिल्या दिवशी एकत्र सांगितली असती तर आमच्या दोन खेपा वाचल्या असत्या, असे आम्ही त्या कारकुनांस नम्रपणे सुनावले. त्यांनी चष्मा पुसला.

वस्तुतः रीत अवघड नाही. अर्ज आला की फेरफाराच्या वहीत नोंद धरतात, चावडीवर प्रत लावतात, संबंधितांस नोटीस देतात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात. हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. असली तर चौकशी होऊन निर्णय होतो, आणि त्यावर प्रांतांकडे अपील चालते. 2005 च्या विलंब प्रतिबंधक कायद्यान्वये कोणतीही नस्ती एका टेबलावर सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकारान्वये आपला कागद कोठे थांबला हे विचारता येते. आम्ही विचारले. आठवड्यात कागद हलला.

नोटिसा निघाल्या, तेव्हा धाकट्या चुलत्यांनी आम्हांस बाजूस घेतले. लालबागच्या आत्येचे नाव कशास, तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यावी, ती काही नाही म्हणणार नाही, असे ते म्हणाले. आत्या खरोखरच नाही म्हणाली नसती. परंतु 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस बापाच्या मिळकतीत वाटा दिलेला आहे, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही तो तीस वर्षे मुलांस शिकविला होता. आम्ही चुलत्यांस नको म्हटले. ते वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत.

नवा उतारा हाती आला तेव्हा आम्ही तो आत्येस मुंबईस नेऊन दाखविला. तिची नजर अधू झालेली. तिने आपले नाव कोठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवले आणि माडाच्या बागेतली विहीर अजून आहे काय, असे विचारले.