धान्याची कोठी, पुण्याचा प्लेग आणि राखाडी गोळी

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक कुटुंब दारात उभे होते. साठीच्या आजी, त्यांची सून आणि सहा वर्षांचा नातू. तिघांनाही रात्रीपासून डोकेदुखी, मळमळ, उलट्या. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे माझ्या मनात पहिला विचार अन्नविषबाधेचा आला. पण नातवाने फक्त दूधभात खाल्ला होता, सून बाहेर जेवून आली होती आणि आजींचा उपास होता. तिघांत समान गोष्ट एकच होती, झोपायची खोली.

"खोलीत नवीन काही ठेवलंय का?" मी विचारले.

"वर्षाचा गहू भरला परवा. कोठी तिथेच असते. किडे होऊ नयेत म्हणून या वेळी गोळ्या टाकल्या. ओळखीच्यांनी गावाहून आणून दिल्या."

"खोलीत काही वास येतोय?"

"लसणासारखा येतोय खरा."

मी त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन दिवस देखरेखीखाली राहून तिघेही सुखरूप घरी आले. नंतर तपासणीला आल्यावर आजी म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या सासूबाई गव्हाला नुसतं एरंडेल चोळायच्या हो. तेव्हा कुणी असं आजारी पडलं नाही."

आजींचे म्हणणे अर्धे खरे आहे. धान्याच्या कोठीमुळे पुणेकर पूर्वीही आजारी पडत होते, मरतही होते. फक्त कारण वेगळे होते. तो इतिहास समजून घेतला तर आज काय करावे आणि काय करू नये, हे आपोआप कळते.

सासूबाईंचे शास्त्र

आधी शत्रू ओळखू. गहू-तांदळात होतो तो सोंडा. याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरत वाढते आणि साधारण महिन्याभराने किडा होऊन बाहेर पडते. म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातही महिन्याने 'अचानक' किडे दिसतात. कडधान्यातले भुंगेरे दाण्यावर अंडी चिकटवतात. पिठात आणि रव्यात तांबूस पोरकिडे होतात.

या सगळ्यांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओलावा. धान्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली गेला की सोंड्यांची वाढ जवळजवळ थांबते. मे महिन्यात गच्चीवर धान्याला कडक ऊन देण्यामागे हेच शास्त्र आहे. दाणा वाळतो आणि उन्हाने पुरेसा तापला तर आतली अळीही मरते. कडधान्यात कालवलेली राख किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते, मग किडा सुकून मरतो. एरंडेलाचा पातळ थर दाण्यावर अंडे चिकटू देत नाही आणि चिकटलेल्या अंड्याची हवा बंद करतो. कडुनिंबाच्या पाल्याचा वास किड्यांना नकोसा होतो.

खेड्यांत ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. बंद पेवातला प्राणवायू धान्य आणि किडे मिळून संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे गुदमरतात. मात्र घाईने पेवात उतरलेली माणसेही अशीच गुदमरून दगावली आहेत. ज्या हवेत किडा जगत नाही, ती हवा माणसालाही मानवत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"उंदीर पडला"

किड्यांसाठी आपल्या घरांत उत्तर होते. उंदरांसाठी नव्हते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे बंदराजवळची गोदामांची, धान्याच्या व्यापाराची वस्ती. त्याच वर्षाच्या अखेरीस हा गाठीचा ताप पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि वॉल्टर रँड पुण्यात प्लेगचा प्रमुख अधिकारी झाला. सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. सामान बाहेर काढले गेले, जाळले गेले. भिंती जंतुनाशकाने धुतल्या, चुना मारला. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने गाठले आणि त्या गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा भाग आपण शाळेत शिकतो.

शाळेत फारसे सांगत नाहीत ते असे की प्लेग नेमका कसा पसरतो, हे तेव्हा कोणालाच पक्के ठाऊक नव्हते. लोकांना मात्र अनुभवाने एक खूण कळली होती. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचे आणि माळावर झोपडी बांधून राहायचे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेगचे जंतू उंदरावरच्या पिसवा पसरवतात. उंदीर मेला, अंग थंड पडले की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. त्याचे म्हणणे सुरुवातीला अनेकांनी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्के झाले.

म्हणजे सैनिक माजघरात माणसे शोधत होते, आणि रोगाचे मूळ होते कोठीच्या खोलीत, पोत्यांच्या मागे, मातीच्या भिंतीतल्या बिळांत.

मामला गावाचा धडा

"ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट," असे म्हणाल तर थांबा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी भीतीने जुनी घरे सोडली आणि ते तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागले. धान्य मात्र जुन्या घरांतच राहिले. माणूस नाही, मांजर नाही, भरपूर धान्य! उंदरांचे फावले. ऑगस्ट १९९४ मध्ये तिथे पिसवांचा उपद्रव आणि मेलेले उंदीर यांची तक्रार झाली, पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची घबराट उडाली. मी तेव्हा एम.डी.चा विद्यार्थी होतो. पुण्यात लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झाले होते. कोठीत उंदीर न होऊ देणे हा नुसता स्वच्छतेचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे, हे मी पुस्तकातून नव्हे तर त्या महिन्यात शिकलो.

घरात आलेले विष

दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कीटकनाशके आली. स्वस्त, झटपट. गॅमेक्झिनची पावडर घरोघर, कोठीच्या खालीसुद्धा टाकली जाई. तिच्यातल्या बीएचसी या रसायनावर १९९७ साली देशात बंदी आली, कारण ते शरीरातल्या चरबीत साठून राहते.

आजींच्या गव्हात होती ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची राखाडी गोळी. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. पेशी प्राणवायू वापरतात ती यंत्रणाच तो बंद पाडतो, किड्याची आणि माणसाचीही. यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त हृदय आणि श्वास सांभाळू शकतात. ही गोळी ताडपत्रीने झाकलेल्या गोदामातल्या थप्प्यांसाठी आहे, तीही प्रशिक्षित माणसाच्या हातून. सर्वसामान्य माणसाला ती विकायला कायद्याने परवानगी नाही. तरी ओळखीतून घरात येते. गोदामात माणूस झोपत नाही. आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोठी पलंगाशेजारी असते.

आणि सोंडा? तो चावत नाही, रोगही पसरवत नाही. फार झाले तर धान्य गरम आणि ओले होते, मग बुरशी येते. ती मात्र घातक ठरू शकते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. म्हणून थोडे किडे दिसले तर चाळा, निवडा, ऊन द्या. बुरशीचा वास आला तर धान्य फेकून द्या.

मग करायचे काय?

- वर्षाचे धान्य भरायची सक्ती आता नाही. दोन-तीन महिन्यांपुरतेच घ्या.
- उन्हात वाळवल्यावर धान्य पूर्ण थंड होऊ द्या, मगच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. गरम भरले तर डब्यात घाम धरतो.
- नवे धान्य जुन्यावर ओतू नका. आधी डबा रिकामा करून पुसून वाळवा.
- रवा, मैदा, डाळी थोड्या असतील तर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. अंडीही मरतात.
- गव्हाला एरंडेल, कडधान्याला राख, कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल.
- तांदळाला बोरिक पावडर लावू नका. ती खाण्याची वस्तू नाही. पाऱ्याच्या टिकड्याही नकोत.
- पाइपाभोवतीची भोके सिमेंटने बुजवा. मेलेला उंदीर हाताने उचलू नका.
- घरात गोळ्या टाकल्या असतील आणि लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येत असेल, तर सगळ्यांना घेऊन लगेच मोकळ्या हवेत जा. कोठी उघडू नका, गोळीवर पाणी टाकू नका, त्याने वायू वाढतो. १०८ ला फोन करा. त्रास नसला तरी रुग्णालयात दाखवा.

आजींनी यंदा तीनच महिन्यांचा गहू घेतला. एरंडेल नातवाने चोळले, असे त्या कौतुकाने सांगत होत्या.