धरून ठेवण्याची विद्या

रोग ओळखणाऱ्या उपकरणांचा विषय निघाला की आपल्यापुढे तारा, काटे व आकडे उभे राहतात. परंतु या इतिहासाचे मर्म निराळेच आहे. सजीवापासून मिळविलेले नाजूक प्रथिन निर्जीव पृष्ठभागावर बसवायचे आणि तरीही त्याचे काम चालू ठेवायचे, हा खरा प्रश्न. घट्ट जखडले तर त्याची घडण बिघडते. सैल ठेवले तर ते धुऊन जाते.

१९१६ साली नेल्सन व ग्रिफिन या अमेरिकन रसायनज्ञांनी इन्व्हर्टेज हे एन्झाइम कोळशाच्या भुकटीवर चिकटविले. आश्चर्य असे की, चिकटूनही ते उसाच्या साखरेचे विघटन करीतच राहिले! मात्र या शोधाला व्यवहारात स्थान मिळण्यास कित्येक दशके जावी लागली.

लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला. १९६२ साली त्यांनी त्यावर पातळ पडद्याआड ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम कोंडण्याची कल्पना मांडली. ग्लुकोज जितके जास्त, तितका ऑक्सिजन अधिक खर्ची पडतो. त्या घटीवरून साखरेचे प्रमाण कळते. १९६७ साली अपडाइक व हिक्स यांनी तेच एन्झाइम जेलमध्ये अडकवून दाखविले. मधुमेह्याच्या घरातील आजची चाचणीपट्टी याच कुळातली.

त्याच वर्षी कॅट व ट्रेगिअर यांनी प्रतिपिंडे प्लॅस्टिकच्या नळीला आतून चिकटविली. हवा तो पदार्थ प्रतिपिंडाने धरून ठेवावा, बाकीचे धुऊन टाकावे, इतकी ती युक्ती सोपी होती. पुढे १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगवाल व पर्लमन यांनी किरणोत्सर्गी खुणेऐवजी एन्झाइमची खूण वापरली. तीच एलायझा चाचणी.

तिचे मोल १९८५ साली कळले. एड्सचा विषाणू दात्याच्या रक्तातून निरपराध रोग्यांच्या शरीरात शिरत होता, आणि रक्ताकडे नुसते पाहून काही उमगत नव्हते. त्या मार्चमध्ये अमेरिकेत दात्यांचे रक्त तपासण्यासाठी एलायझाला मान्यता मिळाली. विषाणूची प्रथिने पृष्ठभागावर बसवलेली. दात्याच्या रक्तात त्यांविरुद्धची प्रतिपिंडे असली की ती तेथे अडकत आणि रंग उमटे. संसर्ग अगदी ताजा असेल तर ही चाचणी चुके, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला अवधी लागतो. तरीही असंख्य रोग्यांना तिने वाचविले.

कोळशाच्या भुकटीवर टिकून राहिलेल्या एका एन्झाइमपासून निघालेली ही वाट रक्तपेढीच्या दारापर्यंत येऊन पोहोचली, ती अशी.