फॉक्स, जेसिका

फॉक्स, जेसिका : (११ जून १९९४ – ). ऑस्ट्रेलियाची कनू स्लॅलमपटू. कयाक आणि कनू या दोन्ही प्रकारांत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी, आणि महिलांच्या कनू शर्यतीला ऑलिंपिकमध्ये जागा मिळावी म्हणून जाहीरपणे बोलत राहिलेली खेळाडू. जन्म फ्रान्समधील मार्से येथे. वडील रिचर्ड फॉक्स ब्रिटनचे, कयाकमधील वैयक्तिक विश्वविजेतेपद पाच वेळा मिळवलेले; आई मिरियम जेरुसाल्मी फ्रान्सची, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेती. १९८९ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात झालेल्या विश्वविजेतेपद स्पर्धेत या दोघांनी आपापल्या गटात सुवर्णपदक जिंकले होते. सिडनी ऑलिंपिकच्या तयारीसाठी रिचर्ड यांच्याकडे ऑस्ट्रेलियन संघाचे काम आले आणि कुटुंब तिकडे स्थलांतरित झाले. जेसिका तेव्हा चार वर्षांची होती. सिडनीजवळच्या पेनरिथ येथे त्या ऑलिंपिकसाठी बांधलेला कृत्रिम जलमार्ग पुढे तिच्या रोजच्या सरावाचा झाला आणि आई तिची प्रशिक्षक झाली.

मराठीत कयाक काय आणि कनू काय, दोन्हींना होडी म्हणून भागते. या खेळात मात्र हा फरक समजल्याशिवाय महिलांची तक्रार नेमकी काय होती ते कळत नाही. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. कनूमध्ये तो गुडघे टेकून बसतो आणि वल्ह्याला एकच पाते असते. एकट्याच्या कयाक शर्यतीला के-१ आणि कनू शर्यतीला सी-१ म्हणतात. स्लॅलममध्ये खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या दांड्यांच्या जोड्यांमधून, म्हणजे ‘गेट’मधून, होडी न्यायची असते. हिरवी गेट प्रवाहाबरोबर आणि लाल गेट प्रवाहाच्या उलट ओलांडावी लागतात. दांडीला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंदांचा दंड, गेट चुकले तर ५० सेकंदांचा. एका पात्याच्या वल्ह्याने हे करताना दुसऱ्या बाजूचे पाणी कापायचे तर कंबरेतून पूर्ण वळून वल्हे होडीवरून पलीकडे न्यावे लागते, किंवा हात बदलावे लागतात. हे सारे गुडघ्यांवर बसून करायचे असल्यामुळे कंबर, पोट आणि खांदे यांची कसोटी लागते.

हेच काम बायकांचे नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. स्लॅलम ऑलिंपिकमध्ये प्रथम आले ते १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये. तेव्हा पुरुषांसाठी के-१, सी-१ आणि दोघांची कनू (सी-२) अशा तीन शर्यती होत्या आणि महिलांसाठी एकटी के-१. नंतर वीस वर्षे खेळ ऑलिंपिकबाहेर राहिला. १९९२ मध्ये बार्सिलोनाला परतला तेव्हाही हिशेब तोच होता, आणि २०१६ च्या रिओपर्यंत सलग सात ऑलिंपिकमध्ये तो तसाच राहिला : तीनास एक. सपाट पाण्यावरच्या स्प्रिंट प्रकारातही महिलांना कनू नव्हती. स्लॅलम आणि स्प्रिंट मिळून रिओमध्ये पुरुषांच्या ११ शर्यती झाल्या आणि महिलांच्या ५.

यासाठी दिली जाणारी कारणे तपासून पाहावीत अशी आहेत. एका बाजूला गुडघा टेकून वल्हवल्याने स्त्रीचे शरीर एकांगी होते, गर्भधारणेला बाधा येते, अशी भीती घातली जाई. दुसरे कारण ऐकायला अधिक सभ्य होते : कनू वल्हवणाऱ्या महिला पुरेशा देशांत नाहीत, मग पदक कोणासाठी ठेवायचे? पण अनेक देशांत क्रीडा संघटनांना सरकारी पैसा मिळतो तो ऑलिंपिक पदकांच्या आशेवर. शर्यत नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून खेळाडू नाहीत, आणि खेळाडू नाहीत म्हणून शर्यत नाही. हे चक्र बाहेरून कोणीतरी तोडल्याशिवाय तुटणारे नव्हते. अमेरिकेची पॅम बोटेलर, ब्रिटनची समँथा रिपिंग्टन अशा स्प्रिंट कनूपटूंनी ‘विमेनकॅन इंटरनॅशनल’च्या मोहिमेतून हा प्रश्न लावून धरला. २०१० पासून विश्वविजेतेपद स्पर्धेत महिलांच्या सी-१ शर्यतीला अधिकृत दर्जा मिळाला.

जेसिकाची कारकीर्द नेमकी या वळणावर सुरू झाली. २०१० च्या सिंगापूर युवा ऑलिंपिकमध्ये कयाकमध्ये सुवर्ण, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अठराव्या वर्षी रौप्य, रिओमध्ये कांस्य. ती कयाकपुरती राहिली असती तरी तिचे नाव झालेच असते. पण तिने कनूही हाती घेतली आणि २०१३, २०१४, २०१५ व २०१८ साली सी-१ चे विश्वविजेतेपद मिळवले. २०१४ मध्ये तर के-१ आणि सी-१ ही दोन्ही सुवर्णपदके तिने एकाच स्पर्धेत जिंकली. तीही मेरीलँडमध्येच, आईवडिलांच्या यशानंतर पंचवीस वर्षांनी. याचा अर्थ असा की रिओला ती उतरली तेव्हा लागोपाठ तीन वर्षे कनूतली जगातली सर्वोत्तम स्त्री होती, आणि ती शर्यत तिथे नव्हतीच. पुरुष विश्वविजेत्यावर अशी वेळ येत नव्हती. मुलाखतींतून जेसिका हीच विसंगती पुन्हा पुन्हा मांडत राहिली. कनूतील तिच्या विजयांमुळे त्या मागणीला जे वजन आले, ते नुसत्या निवेदनांनी आले नसते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने डिसेंबर २०१४ मध्ये स्त्री-पुरुष सहभाग समान करण्याचे धोरण स्वीकारले. जून २०१७ मध्ये टोकिओचा कार्यक्रम ठरला आणि त्यात महिलांची सी-१ आली. स्लॅलमच्या शर्यतींची एकूण संख्या मात्र चारच राहिली, त्यामुळे पुरुषांची सी-२ वगळली गेली. स्लोव्हाकियाच्या हॉखशोर्नर जुळ्या भावांनी २००० ते २००८ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके ज्या प्रकारात मिळवली, तो प्रकार संपला. ही किंमत लहान नव्हती. चार शर्यतींची मर्यादा महिलांनी आखलेली नव्हती, हेही इथे नोंदवले पाहिजे. टोकिओत स्लॅलम आणि स्प्रिंट मिळून शर्यती ८ आणि ८ झाल्या.

टोकिओत, २७ जुलै २०२१ रोजी, कयाकच्या अंतिम फेरीत पाण्यावरची सर्वांत जलद वेळ जेसिकाचीच होती. पण दोन गेटना स्पर्श झाला. ४ सेकंदांच्या दंडासह तिची वेळ १०६.७३ सेकंद झाली आणि जर्मनीच्या रिकार्डा फुंकला १०५.५० सेकंदांवर सुवर्ण मिळाले. जेसिकाच्या वाट्याला कांस्य आले. आधीच्या कोणत्याही ऑलिंपिकमध्ये तिची स्पर्धा तिथेच संपली असती. या वेळी दोन दिवसांनी ती गुडघे टेकून पुन्हा त्याच पाण्यात उतरली. एकाही दांडीला धक्का न लावता तिने १०५.०४ सेकंदांत जलमार्ग पार केला. दुसरी आलेली ब्रिटनची मॅलरी फ्रँकलिन साडेतीन सेकंदांहून अधिक मागे होती. शतांश सेकंदांवर निकाल फिरणाऱ्या या खेळात हे अंतर फार मोठे आहे. ऑलिंपिकच्या इतिहासातले महिलांच्या सी-१ चे ते पहिले सुवर्णपदक.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीपटू एडी ओकेनडनसह तिने सेन नदीवरील उद्घाटन सोहळ्यात ऑस्ट्रेलियाचा ध्वज धरला. २८ जुलैला के-१ आणि ३१ जुलैला सी-१ अशी दोन्ही सुवर्णपदके तिने जिंकली. त्याच ऑलिंपिकदरम्यान खेळाडूंनी मतदान करून तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून दिले.

शर्यतींच्या संख्येवर किती काय अवलंबून असते, हे तिच्या घरातच दिसते. ऑलिंपिकमध्ये के-१ आणि सी-१ या प्रत्येक शर्यतीत एका देशाची एकच होडी उतरते. कयाक आणि कनू या दोन्ही जागा जेसिकाकडे असल्याने तिची धाकटी बहीण नोएमी हिला ऑलिंपिकचे दार बंद होते. पॅरिसमध्ये पुरुष व महिला दोघांसाठी कयाक क्रॉस ही नवी शर्यत आली, त्या शर्यतीच्या पात्रता स्पर्धेतून नोएमीने आपली जागा मिळवली आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी सुवर्णपदक जिंकले.