न सुकणारीं फुलें

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कुंडी असावी, तिच्यांत हिरवेंगार रोप असावें, परंतु त्याला पाणी घालण्याची, ऊन दाखविण्याची यातायात मात्र नसावी, ही शहरवासी गृहस्थाची इच्छा अगदीं आजकालची आहे असें पुष्कळांस वाटतें. प्लॅस्टिकच्या पानांकडे पाहून तसें वाटणें साहजिकही आहे. वस्तुतः ही इच्छा फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे कीं, हिंवाळ्यांत ताजीं फुलें मिळेनाशीं झालीं म्हणजे शिंगाचे पातळ पापुद्रे रंगवून त्यांचे हार करीत. आपल्याकडे तर यासाठीं प्लिनीची साक्ष काढण्याचेंही कारण नाहीं. भेंडाच्या पांढऱ्या गाभ्याचीं फुलें आणि त्यांवर बेगडाची चकाकी हीं बाशिंगांत व गणपतीच्या मखरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत. पण त्या फुलांनीं खऱ्या फुलांचें सोंग कधीं घेतलें नाहीं. कार्य आटोपलें कीं त्यांचेंही काम संपलें. बारा महिने घरांत राहून पाहुण्याला क्षणभर फसविणारें फूल निराळें, आणि श्रोतेहो, त्याच फुलाची कथा मी आज सांगणार आहें. ती मुख्यतः युरोपांत घडली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या घरांतील हवा कशी असेल याची कल्पना करून पाहावी. घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या, आणि दिवाणखान्यांत गॅसचे दिवे! त्या धुरांत खिडकींतलें रोप बघतां बघतां मान टाकी. नॅथॅनिअल वॉर्ड या डॉक्टरानें 1829 सालीं झांकलेल्या बाटलींतील मातींत नेचा आपोआप उगवलेला पाहिला, व त्यावरून कांचपेटींत झाडें वाढविण्याची युक्ति निघाली. पण पेटींत टिकत तीं बहुधा नेच्यांसारखीं झाडें; फुलांची हौस त्यानें फिटेना. ती मेणानें फिटली. कांचेच्या घुमटाखालीं मांडलेला मेणाच्या फुलांचा गुच्छ हें सुखवस्तु घराचें लक्षण ठरलें. व्हिक्टोरिया राणीच्या 1840 सालच्या विवाहासाठीं एमा पीची या बाईंनीं मेणाचे 10,000 पांढरे गुलाब केले, आणि 1851 सालीं या कलेवर पुस्तकही लिहिलें. तें वाचून घरोघरच्या लेकीसुना मेण वितळवूं लागल्या.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणासही कौतुकच वाटेल. परंतु मेणाचीं फुलें ही हौसेची बाब होती. बाजारांतला खरा व्यापार कापडी पानाफुलांचा, आणि तीं फुलें कारखान्यांतल्या मुली करीत. मलमलीला खळ देऊन ती रंगवावयाची, पोलादी ठशानें पानें कापावयाचीं, तापविलेल्या साच्यांत दाबून शिरा उमटवावयाच्या, आणि कागद गुंडाळलेल्या तारेचा देठ लावावयाचा. शेवटीं पानावर मेणाचा हात देऊन त्यावर हिरवी पूड भुरभुरावयाची. खऱ्या पानावर जी मखमली लव दिसते ती या पुडीनें येई.

ही पूड म्हणजे तांबें व सोमल यांच्या संयोगानें होणारा रंग. शेले या स्वीडिश रसायनज्ञानें 1775 सालीं असा एक हिरवा रंग सिद्ध केला होता, व 1814 सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें त्याहून तेजस्वी रंग निघाला. गॅसच्या पिवळ्या उजेडांतही तो खुलून दिसे, म्हणून भिंतींच्या कागदापासून तों पोशाखापर्यंत तो सर्वत्र पसरला.

माटिल्डा शूरर ही 19 वर्षांची मुलगी लंडनमधील एका कारखान्यांत शंभरेक सोबतिणींसह पानांवर ही पूड टाकण्याचें काम करी. ती अनेकदां आजारी पडली होती व बरी होऊन पुन्हा त्याच कामावर गेली होती. 20 नोव्हेंबर 1861 रोजीं तिचा अंत झाला. शेवटीं तिला हिरवी वांती होत होती, डोळ्यांतील पांढरा भाग हिरवा पडला होता, आणि जें जें पाहावें तें हिरवें दिसतें असें तिनें डॉक्टरांस सांगितलें. शवपरीक्षेंत तिच्या पोटांत, यकृतांत व फुप्फुसांत सोमल सांपडला.

यावर खळबळ उडाली. एका स्त्रीसंस्थेनें चौकशी चालविली, आणि हॉफमन या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञानें अशीं पानें तपासून 1862 च्या फेब्रुवारींत 'टाइम्स' पत्रांत निष्कर्ष छापला. केंसांत घालावयाच्या एका गुच्छांत 20 माणसांस पुरेल इतका सोमल होता! मला वाटतें, त्या रंगाला खरी ओहोटी लागली ती या आंकड्यानें. मजूर मुलीच्या मरणानें हळहळ वाटली. पण आपल्याच डोक्यांत विष आहे हें कळल्यावर भीति वाटली, आणि बाजार हळहळीपेक्षां भीतीला लवकर ओळखतो.

कृत्रिम रोपामागें कारागिराचें नांव राहिलें असे प्रसंग थोडेच. ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या लिओपोल्ड व रुडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनीं हार्वर्ड विद्यापीठासाठीं 1887 ते 1936 या काळांत वनस्पतींच्या सुमारें 4,300 कांचेच्या प्रतिकृति केल्या. पण त्या विद्यार्थ्यांसाठीं होत्या, दिवाणखान्यासाठीं नव्हेत. दिवाणखान्याच्या फुलांचे कर्ते कोण, हें पाहावयाचें तर न्यूयॉर्ककडे वळावें लागतें. लुइस हाइन यानें 1908 नंतरच्या कांहीं वर्षांत काढलेल्या छायाचित्रांत इटालियन स्थलांतरितांच्या कोंदट खोलींत, एकाच मेजाभोंवतीं आई व मुलें पाकळ्या देठांना चिकटवीत बसलेलीं दिसतात. त्यांत शाळेच्या वयाखालचीं पोरेंही आहेत. मजुरी ग्रोसावर, म्हणजे 144 फुलांवर मोजीत. मेरी व्हॅन क्लीक यांनीं 1913 सालीं या मजुरिणींविषयीं स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. आपल्या चाळींत ज्या घरांतून पापड लाटून किंवा विड्या वळून संसार चालले, त्यांना हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

1950 नंतर मलमलीची जागा प्लॅस्टिकनें घेतली आणि व्यापार हाँगकाँगला गेला. आतां फूल धुतांही येऊं लागलें. साच्यांतून पाकळ्या भराभर निघत, पण त्या जोडावयाच्या हातांनींच. तें काम घरोघर वांटलें जाई व मुलेंबाळें तें करीत बसत. 1967 च्या मे महिन्यांत तेथील सॅन पो काँग भागांतल्या कृत्रिम फुलांच्या एका कारखान्यांत मजूर व मालक यांचा तंटा विकोपास गेला. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीचा वारा त्याला लागलाच होता. त्यांतून उसळलेला दंगा वर्षअखेरपर्यंत धुमसत राहिला, आणि त्यांत 51 माणसें मेलीं.

पुढें हा धंदा चीनच्या मुख्य भूमीवर गेला, व आपल्या बाजारांतला बराचसा माल तेथूनच येऊं लागला. दसरा-दिवाळीच्या तोरणांतही तो शिरला, तेव्हां झेंडू आणि शेवंती पिकविणारे महाराष्ट्रांतील शेतकरी भाव पडल्याची तक्रार करूं लागले, आणि 2025 सालीं त्यांचें गाऱ्हाणें विधिमंडळापर्यंत जाऊन पोंचलें.