रूटिंग (स्मार्टफोनचे)

उत्पादक कंपनीने फोनवर घातलेली बंधने काढून त्याच्या यंत्रणेचा पूर्ण ताबा मिळवणे. आयफोनच्या बाबतीत यालाच जेलब्रेक म्हणतात.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला वेगळा वापरकर्ता-क्रमांक असतो, म्हणून एका अ‍ॅपला दुसऱ्याची खासगी साठवण उघडता येत नाही. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता, म्हणजे रूट, याला अपवाद. एखाद्या अ‍ॅपला ती मुभा मिळाली की मेसेज, ओटीपी, फोटो, लोकेशन सगळे त्याच्या हाती जाते. रूट करण्यासाठी बहुधा आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना यंत्रणा चढवणारा प्रोग्राम, अनलॉक करतात. त्या वेळी फोनमधला डेटा पुसला जातो, आणि सुरू होताना यंत्रणेत फेरफार झालाय का हे पाहणारी तपासणी सैल पडते. बँकांची अनेक अ‍ॅप्स असा फोन ओळखून चालायलाच नकार देतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारख्या जंगलात हा धोका फोनमालकापुरता राहत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये एम-स्ट्राइप्स ही गस्तीची प्रणाली आणली. वनरक्षक फोन घेऊन आपल्या हद्दीत, म्हणजे बीटमध्ये, पायी फिरतो, ओल्या मातीत उमटलेला वाघाच्या पंजाचा ठसा (पगमार्क) दिसला की वाकून फोटो काढतो. फोटोसोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात. म्हणजे वाघाचा ठावठिकाणा खिशातल्या फोनमध्ये असतो. असा फोन हौसेखातर रूट करणे म्हणजे शिकाऱ्याला वाट दाखवण्याची जोखीम पत्करणे, असेच म्हटले पाहिजे. या माहितीला गिऱ्हाईक असू शकते, अशी शंका २०१३ मध्ये आली: मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातल्या रेडिओ-कॉलर लावलेल्या वाघाची स्थाने ज्या ईमेलवर येत, ते खाते उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाला. तो फसला. त्यात रूटिंगचा संबंध नव्हता. पण असा डेटा कुणाला तरी हवा असू शकतो, हे त्यातून कळते.

कंपनीने अपडेट बंद केलेल्या जुन्या फोनवर दुसरी प्रणाली बसवणाऱ्याची अडचण खरी आहे, आणि तिथे सुरक्षा कधी कधी वाढतेही. मात्र त्यासाठी रूट लागतेच असे नाही. खरी चूक बहुतेकदा बंधने काढल्यानंतरची असते. २००९ मध्ये पसरलेल्या आयकी या संगणकी किड्याने (वर्मने) जेलब्रेक केलेले आयफोन गाठले, कारण मालकांनी दूरप्रवेशाचा मूळ पासवर्ड बदललाच नव्हता.

रूट काढायला फॅक्टरी रीसेट पुरेसे नसते. कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर पुन्हा चढवावे लागते, दुरुस्तीच्या दुकानातल्या भाषेत ‘सॉफ्टवेअर मारावे’ लागते, आणि मगच बूटलोडर लॉक करायचा. फेरफार तसाच ठेवून तो लॉक केला तर फोन चालूच न होण्याची शक्यता असते.